चौकातला इतिहास : कोणी लिहिलेला, कोणासाठी?

आमच्या तालुक्याच्या गावी बसस्थानकासमोरच्या चौकात काही वर्षांपूर्वी एक मोठा फलक उभा राहिला. ‘आपले ऐतिहासिक गाव’ हे त्याचे शीर्षक. खाली दहा-बारा ओळींत गावाचा इतिहास : गावाचे प्राचीन नाव, जहागीर, मंदिराचा जीर्णोद्धार, स्वातंत्र्यसैनिकांची यादी. इतिहासाखाली सौजन्य, आणि सौजन्याची अक्षरे इतिहासाच्या अक्षरांपेक्षा मोठी. शुद्धलेखनाविषयी न बोललेलेच बरे.

एम.ए.च्या वर्गाला मराठी भाषेच्या इतिहासातील कोरीव लेखांचे प्रकरण शिकवताना दरवर्षी जाणवते, की विद्यार्थी शिलालेखाची तारीख पाठ करतात, पण शिलालेख ही रस्त्यावर, देवळाच्या दारात, चारचौघांत उभी केलेली वस्तू होती, हे त्यांच्या ध्यानात येत नाही. म्हणून एका वर्षी मी वर्गाला काम दिले : गावात सार्वजनिक जागी जे जे लिहिलेले वा कोरलेले आहे आणि जे गावाच्या भूतकाळाविषयी काही सांगते, ते सर्व वाचून या. पिंपळाखालच्या शेंदूर फासलेल्या दगडांपासून बसस्थानकावरच्या फलकापर्यंत. पुढच्या तासाला एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, त्या फलकावर एकही बाई नाही. गावात बायका नव्हत्या का?” वर्ग हसला. तिने प्रश्न हसण्यासाठी विचारलेला नव्हता. प्रस्तुत लेख हे त्या प्रश्नाचे उत्तर नव्हे. त्या प्रश्नामुळे जे नव्याने वाचावे लागले, त्याची ही नोंद आहे.

१

सार्वजनिक जागी इतिहास मांडण्याची प्रथा आपल्याकडे नवी नाही. महाराष्ट्रातल्या असंख्य गावांच्या वेशीवर, देवळांच्या आवारात वीरगळ उभे आहेत. त्यांची रचना बहुधा ठरलेली असते. तळाच्या चौकटीत लढाई आणि पडलेला वीर, त्यावर अप्सरा त्याला स्वर्गात नेत आहेत, त्याहून वर तो शिवलिंगाची पूजा करतो आहे. आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ही स्मृती चंद्र-सूर्य असेतोवर टिको. हा दगड खालून वर वाचायचा असतो. बहुतेक वीरगळांवर अक्षर नाही, त्यामुळे वीराचे नाव नाही. ज्या गावाने तो उभारला, त्या गावाला नाव ठाऊक होते. नाव लिहून ठेवावे लागेल, इतके विस्मरण होईल, अशी त्या गावाला शंकाच आली नसावी.

वीरगळाशेजारी कित्येकदा सतीचा दगड असतो. त्यावर कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला एक हात. बाईचा चेहरा नाही, नाव नाही. सौभाग्याची खूण असलेला हात तेवढा आहे. तिसरा प्रकार गधेगाळीचा. दानपत्राचा मजकूर, वर चंद्र-सूर्य आणि खाली गाढव व स्त्री यांचे अश्लील शिल्प. जो कोणी या दानाचा भंग करील, त्याच्या आईला ही शिवी आहे. शिलाहार काळापासून पुढे अनेक शतके असे दगड कोरले गेले. त्यांतली योजना विचार करण्याजोगी आहे. अक्षर वाचू शकणाऱ्यासाठी वर मजकूर आहे. न वाचू शकणाऱ्यासाठी खाली चित्र आहे. म्हणजे दगड उभारणाऱ्याला आपला वाचक कोण, याचे नेमके भान होते. निरक्षरालाही आज्ञा कळली पाहिजे, हे त्याने गृहीत धरले होते. मात्र ती कळवण्यासाठी त्याने वापरले ते बाईचे शरीर.

विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे पहिले उत्तर असे अस्वस्थ करणारे मिळते. सार्वजनिक दगडांवर बायका होत्या. एका दगडावर हात म्हणून, दुसऱ्यावर शिवी म्हणून.

२

मराठीच्या अभ्यासकाला आक्षीचा शिलालेख परिचित असतो. अलिबागजवळच्या आक्षी गावचा हा लेख डॉ. शं. गो. तुळपुळे यांच्या वाचनानुसार शके ९३४ चा, म्हणजे इ.स. १०१२ चा. या कालवाचनाविषयी मतभेद झाले आहेत. दक्षिण सोलापूर तालुक्यातील हत्तरसंग कुडल येथील शके ९४० च्या लेखाला आद्यत्वाचा मान द्यावा, असाही पक्ष आहे. हा वाद येथे सोडवायचा नाही. लक्षात घ्यायचे ते एवढेच, की ज्या दगडावरून आपण परीक्षेत दहा गुणांचा प्रश्न विचारतो, तो दगड वर्षानुवर्षे रस्त्याकडेला ऊनपाऊस सोसत उभा होता. त्याच्या जतनाकडे लक्ष गेले, ते अगदी अलीकडे. पाठ्यपुस्तकात लेखाला मान आणि गावात दगडाला धूळ, हे अंतर आपल्या अभ्यासपद्धतीविषयीही काही सांगते. मजकूर छापून आला, की दगडाचे काम संपले, असे आपण मानत आलो.

याच्या उलट उदाहरण पंढरपूरचे. विठ्ठल मंदिरातील ‘चौऱ्याऐंशीचा लेख’ हा यादवकाळातला, इ.स. १२७३ ते १२७७ या वर्षांतला. मंदिरासाठी ज्यांनी दान दिले, त्यांची ती यादी आहे. पुढे या शिळेला पाठ घासली असता चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा चुकतो, अशी समजूत रूढ झाली आणि पिढ्यान्‌पिढ्या वारकऱ्यांच्या पाठी तिला लागल्या. संशोधकाच्या दृष्टीने ही अक्षरांची झीज. ज्याने पाठ लावली, त्याच्या दृष्टीने हाच त्या दगडाचा अर्थ. काय लिहिले आहे, हे न वाचताही लोकांनी तो लेख आपला मानला. जो फलक सारे वाचू शकतात, पण कोणी वाचत नाही, आणि जो लेख कोणी वाचू शकत नाही, पण ज्याला सारे स्पर्श करतात, या दोहोंपैकी अधिक सार्वजनिक कोणता?

हा प्रश्न मी वर्गात विचारला, तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलाने सांगितले, “सर, स्टँडवरच्या फलकाला लोक सायकल टेकवतात.” तेही एक प्रकारचे आपलेपणच म्हणायचे!

३

छापील वा कोरीव नावांची यादी हा साहित्याच्या विद्यार्थ्याला रूक्ष वाटणारा मजकूर. परंतु सार्वजनिक इतिहासात यादीइतके स्फोटक दुसरे काही नसते. भीमा नदीकाठच्या कोरेगावचा स्तंभ हे याचे उत्तम उदाहरण होय. १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या सैन्याच्या गौरवार्थ हा स्तंभ उभारला. त्याची पायाभरणी १८२१ मध्ये झाली. त्यावर इंग्रजी व मराठी मजकूर आहे आणि मृतांची नावे आहेत. त्या ४९ नावांपैकी २२ नावांच्या अखेरीस ‘नाक’ हे पद येते. ‘नाक’ हे त्या काळी महार पुरुषांच्या नावाला लागणारे पद होते.

कंपनीला जातीचा इतिहास लिहायचा नव्हता. तिला विजय नोंदवायचा होता आणि आपल्या सैनिकांना निष्ठेचे फळ दाखवायचे होते. पण नावे कोरली गेली आणि नावे म्हटली, की त्यांना वारस असतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात इंग्रज सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली, तेव्हा पूर्वजांच्या सैनिकी सेवेचा दाखला देत अर्ज-विनंत्या होऊ लागल्या. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी सरकारकडे अर्ज केला. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर या स्तंभापाशी आले. त्याच वर्षी २० मार्चला महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. साम्राज्याने स्वतःसाठी उभारलेला दगड अशा रीतीने एका समाजाच्या स्वाभिमानाचे स्थान झाला. दगडावरचे एकही अक्षर त्यासाठी बदलावे लागले नाही, वाचणारा बदलला.

याउलट पहिल्या महायुद्धानंतर गावोगावी लावलेल्या संगमरवरी पाट्या पाहाव्यात. सातारा जिल्ह्यात आणि कोकणात त्या अजूनही आढळतात. या गावातून इतके पुरुष १९१४ ते १९१९ च्या महायुद्धास गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच त्यांचा आशय. मजकूर एकच, गावागणिक आकडे तेवढे बदलतात. बहुधा इंग्रजीत. साताऱ्याजवळचे अपशिंगे हे गाव त्या युद्धात मरण पावलेल्या आपल्या ४६ जणांसाठी ओळखले जाते; ‘अपशिंगे मिलिटरी’ असेच त्याचे नाव रूढ झाले आहे. ज्या आईचा मुलगा बसऱ्याकडे गेला आणि परतला नाही, तिला त्या संगमरवरावर काय सापडणार? परकी भाषा आणि एक आकडा; त्या आकड्यात कुठेतरी तिचा मुलगा. वीरगळ उभारणाऱ्या गावाला नाव ठाऊक होते, म्हणून त्याने ते कोरले नाही. पाटी लावणाऱ्या सरकारला नावाची गरज वाटली नाही. दोन्ही दगड निनावीच, पण त्या दोन निनावीपणांचा अर्थ एक नव्हे.

४

घरांवर फलक लावून त्यांत राहून गेलेल्या व्यक्तींची आठवण ठेवण्याची पद्धत आपण लंडनहून घेतली. तेथे १८६७ मध्ये सोसायटी ऑफ आर्ट्स या संस्थेने कवी बायरनच्या जन्मस्थळी पहिला फलक लावला. गंमत अशी, की ते घर १८८९ मध्ये पाडले गेले. भिंतच गेली, तर भिंतीवरचा इतिहास कुठे राहणार, हा धडा ही पद्धत सुरू झाल्यावर बावीस वर्षांतच मिळाला.

त्याच लंडनमध्ये हॉवली प्लेस येथील एका घरावर लोकमान्य टिळकांचा फलक आहे. १९१८-१९ मध्ये चिरोल खटल्याच्या निमित्ताने टिळक तेथे राहिले होते. फलक १९६१ मध्ये लागला. ज्या साम्राज्याने १८९७ आणि १९०८ मध्ये टिळकांना राजद्रोहाखाली शिक्षा दिली, त्याच्याच राजधानीने त्यांना देशभक्त व तत्त्वचिंतक म्हणून गौरवावे, ही गोष्ट मोठीच. पण टिळक तेथे का आले होते, कोणावर फिर्याद केली होती आणि ती ते हरले, यातले फलकावर काही नाही. ‘येथे राहत होते’ एवढेच आहे. फलकाची शैलीच अशी, की ती संघर्षाचे वास्तव्यात रूपांतर करते. माणूस भांडला, हरला, तुरुंगात गेला; फलकाच्या लेखी तो राहिला.

पुण्याच्या पेठांतून हिंडताना महानगरपालिकेने लावलेले निळे गोल फलक दिसतात. ते पाहून आनंदच होतो. लेखक, सुधारक, संशोधक ज्या जिन्यांवरून चढले-उतरले, ते जिने कळतात. परंतु असा फलक लागण्यासाठी काय लागते, याचा विचार केला, की पुन्हा त्या विद्यार्थिनीचा प्रश्न उभा राहतो. आधी स्वतःचे वा घराण्याचे घर हवे. ते घर टिकलेले हवे. आणि ‘येथे राहत होते’ असे म्हणता येईल असे स्थिर वास्तव्य हवे. जे भाड्याने राहिले, वस्तीत राहिले, ज्यांच्या झोपड्या उठल्या, ज्या मुली लग्नानंतर नावानिशी दुसऱ्या घरी गेल्या, त्यांचा इतिहास कोणत्या भिंतीवर लावायचा? भिंत नाही म्हणून फलक नाही, आणि फलक नाही म्हणून इतिहास नाही, अशी ही साखळी आहे.

भिंत असूनही काय होते, याचे उदाहरण पुण्यातच आहे. बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली. महाराष्ट्रातल्या शिकलेल्या प्रत्येक बाईच्या इतिहासातले ते एक उगमस्थान. तो वाडा दीर्घकाळ जीर्णावस्थेत, खटल्यांत अडकलेला उभा होता. समोरच्या गणपतीच्या दर्शनाच्या गर्दीत उभे राहणाऱ्या किती जणांना आपल्या पाठीमागे काय आहे, हे ठाऊक असे? अखेर न्यायालयीन निकालानंतर डिसेंबर २०२३ मध्ये वाडा उतरवण्यात आला आणि २०२४ मध्ये नियोजित राष्ट्रीय स्मारकाचा शिलान्यास झाला. स्मारक व्हावे, याबद्दल दुमत नाही. तथापि ज्या खोलीत मुली बसल्या, ती खोली आता नाही. नव्या वास्तूतल्या मजकुरावर आता सारा भार आहे. तो मजकूर ‘येथे शाळा होती’ एवढ्यावर थांबतो, की त्या शाळेला विरोध कोणी आणि का केला, हेही सांगतो, यावर पुढच्या पिढीचा भिडे वाडा ठरेल.

५

या साऱ्या वाचनानंतर वर्गाने ठरवले, की आपणही एक फलक लिहावा. जागा ठरली ती गावाच्या खालच्या अंगाची जुनी विहीर. गावाच्या बोलण्यात तिला वस्तीच्या जातीचे नाव आहे. नव्या सरकारी कागदात ती नुसती ‘जुनी विहीर’. २०२० साली राज्य शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. तो योग्यच होता. पण फलकावर काय लिहायचे, यावरून वर्गात दोन तट पडले आणि दोन्ही तटांत त्याच वस्तीतली मुले होती. एक म्हणाला, “ज्या शब्दाने आजोबांना हाका मारल्या, तो मी रोज येता-जाता का वाचू?” दुसरी म्हणाली, “तो शब्द काढला, तर विहीर वेगळी का होती, हे कळणार कसे? मग ती नुसतीच विहीर.” दोघांचेही म्हणणे खरे होते. मी प्राध्यापक असल्याने तोडगा काढणे माझे काम आहे, असे क्षणभर वाटले. पण गप्प राहिलो.

दोन आठवड्यांच्या वादानंतर मजकूर तयार झाला. जातीचे नाव नको, पण कारण हवे, यावर एकमत झाले होते. १८६८ मध्ये जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, हा संदर्भ घ्यायचा, चवदार तळ्याचाही घ्यायचा, असे ठरले. मुख्य वाक्य असे होते : ‘गावातील सार्वजनिक विहिरीवर पाणी भरण्यास मनाई असल्याने वस्तीतील लोकांनी ही विहीर खोदली.’ वाक्य शुद्ध, संयत, फलकाला शोभेलसे. मला ते आवडले.

मजकूर वस्तीत वाचून दाखवायचा, हे त्या पहिल्या विद्यार्थिनीचेच म्हणणे. तिची आजी अक्षर शिकलेली नाही. तिने सारे ऐकून घेतले आणि विचारले, “मनाई कुणी केली हुती, ते न्हाई का लिवलं?”

विद्यार्थिनीने माझ्याकडे पाहिले. आजी पुढे बोलत राहिल्या. विहीर खोदण्याआधी बायका वरच्या विहिरीपाशी घागरी घेऊन लांब उभ्या राहत; कोणी दया येऊन वरून ओतले, तर पाणी; नाहीतर ऊन डोक्यावर येईपर्यंत तशाच. “खोदली गड्यांनी. पर माती आमच्या सासवांनी वाहिली. ते बी लिवा.”

वर्षानुवर्षे मी वर्गात कर्मणी आणि भावे प्रयोग शिकवत आलो आहे. कर्ता लपवण्याची सोय म्हणून त्यांचा वापर कसा होतो, हे उदाहरणांसह सांगत आलो आहे. ‘मनाई असल्याने’ या रचनेत तर कर्त्याला जागाच नाही. ही गोष्ट भाषेच्या दोन डझन विद्यार्थ्यांच्या आणि त्यांच्या प्राध्यापकाच्या लक्षात आली नाही. जिला वाचता येत नाही, तिच्या आली. बसस्थानकावरच्या फलकात बायका का नाहीत, याचे उत्तरही कदाचित येथेच होते. तो मजकूर लिहिणाऱ्यांनी तो कोणाला वाचून दाखवला असण्याचा संभव फारच कमी.

मजकूर बदलला. आता त्यात गावाने मनाई केली होती, असे स्पष्ट लिहिले आहे. थांबलेल्या बायका आहेत आणि माती वाहणाऱ्याही आहेत. ज्यांना वाचता येत नाही, त्यांच्यासाठी खाली चित्र काढावे, अशी सूचना एका मुलाने केली, तेव्हा वर्गाला गधेगाळ आठवल्याशिवाय राहिली नाही. पण या वेळी चित्र असेल ते डोक्यावर पाटी घेतलेल्या बाईचे.

फलक अद्याप लागलेला नाही. संबंधित कार्यालयाने ‘सामाजिक सलोख्याच्या दृष्टीने मजकूर सौम्य करावा’ असे तोंडी सुचवले आहे. ‘गावाने’ हा शब्द काढून टाकावा, एवढाच सौम्यपणा त्यांना अपेक्षित आहे. विद्यार्थ्यांनी तो शब्द ठेवून दुसरा अर्ज दिला आहे. तोवर पत्र्यावर रंगवलेला तो फलक विभागाच्या कपाटामागे भिंतीला टेकवून ठेवला आहे, आणि कोरीव लेखांचे प्रकरण आले, की मी तो वर्गात आणून वाचायला देतो.